हातगुण गेल्याची भीती

"मॅडम, माझा हातगुणच गेला आहे," एवढे बोलून त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा पहिल्या भेटीत बराच वेळ गप्प बसल्या. रसायनशास्त्रात पीएच.डी. करून त्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या संशोधक, म्हणून रुजू झाल्या होत्या. दोन वर्षांच्या करारातले चौदा महिने सरले होते, आणि आधीच्या पोस्टडॉकने ज्या अभिक्रियेचे यील्ड (अपेक्षेच्या तुलनेत प्रत्यक्ष हाती आलेले उत्पादन) शोधनिबंधात ७८ टक्के दिले होते, तीच अभिक्रिया त्यांच्या फ्लास्कमध्ये २५ टक्क्यांपुढे सरकत नव्हती. मार्गदर्शकांच्या पुढच्या सगळ्या योजना त्या एका पायरीवर उभ्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे.)

"प्रयोग जमत नाही, म्हणजे मीच या क्षेत्राच्या लायकीची नाही," ही चिंता पोस्टडॉक संशोधकांकडून मी वारंवार ऐकते, आणि तिच्यामागे त्या पदाची रचनाही आहे, असे माझे मत झाले आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या प्रगतीवर निदान एखाद्या समितीची नजर असते आणि शेवटी पदवी मिळायची असते. पोस्टडॉकच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच व्यक्ती येते: पगाराचे अनुदान तीच आणते, करार वाढवायचा की नाही हे तीच ठरवते आणि पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही तीच लिहिते. साहजिकच, अडचण जिला सर्वांत आधी सांगायला हवी, तिलाच सांगण्याची सर्वांत जास्त भीती वाटते. या संशोधकही पाच महिने दर आठवड्याच्या बैठकीत "काम चालू आहे, सर" एवढेच सांगत होत्या.

सुरुवात मी झोपेपासून केली. त्या रात्री दीड-दोनपर्यंत प्रयोगशाळेत एकट्या थांबत आणि घरी आल्यावरही एनएमआरचा (रेणूची रचना तपासणाऱ्या चाचणीचा) आलेख आला का, हे फोनवर पाहत असत. हवेचा स्पर्श होताच पेट घेणारी अभिकारके थकलेल्या हाताने, शेजारी कोणी नसताना हाताळणे हा जिवाशी खेळ आहे. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका विद्यापीठात टर्शरी ब्यूटिल लिथियम हे असेच एक अभिकारक हाताळताना लागलेल्या आगीत भाजून एका तरुण संशोधन सहायिकेचा पुढे मृत्यू झाला, हे त्यांना ठाऊक होते. तरीही तो धोका स्वतःला लागू होतो, असे त्यांच्या मनात आले नव्हते. संध्याकाळी सातनंतर नवी अभिक्रिया लावायची नाही, एवढे एकच बंधन आम्ही घातले. झोप अनेक आठवडे उडालेली असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर मी अशा गोष्टींवर न थांबता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. यांच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना लॅब नोटबुक घेऊन यायला सांगितले. मी रसायनशास्त्राची जाणकार नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. मला फक्त तारखा आणि आकडे हवे होते. "ही अभिक्रिया मला कधीच जमली नाही," या वाक्यातला "कधीच" हा शब्द खरा आहे का, हे पाहायचे होते. एका कोऱ्या कागदावर आम्ही ४६ प्रयत्न तारखेनुसार मांडले. पहिल्या पाचांचे यील्ड ६४ ते ७१ टक्के होते. सहाव्यापासून ते एकदम घसरले आणि पुन्हा वर आले नाही. त्या पाच प्रयोगांबद्दल विचारले, तेव्हा "ते काय, नशिबाने झाले," असे त्या चटकन म्हणाल्या. यश नशिबाच्या खात्यावर आणि अपयश स्वतःच्या खात्यावर, हा हिशेब त्या वर्षभर करत आल्या होत्या आणि तो चुकीचा आहे, असे त्यांना एकदाही वाटले नव्हते.

त्याच भेटीत त्यांनी खाली पाहत आणखी एक गोष्ट सांगितली. शोधनिबंधातला ७८ हा आकडा आपल्या अहवालात तसाच लिहून पुढच्या पायरीकडे जावे, असा विचार दोनदा मनात येऊन गेला होता. तो विचार आल्याची त्यांना इतकी लाज वाटत होती की, तो अमलात आणला नाही याचे श्रेयही त्या स्वतःला देत नव्हत्या. मी त्यांना सांगितले की २२ टक्के हा आकडा २२ म्हणूनच वहीत लिहिलेला आहे, म्हणून तर आज आपण त्यातून काही शोधू शकतो.

त्यांच्याच विषयातले एक उदाहरण मी काढले, जे त्या स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असत. नोझाकी आणि हियामा या जपानी रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने १९७७ मध्ये मांडलेल्या क्रोमियम अभिक्रियेचा पुढे विस्तार झाला, तेव्हा तिचे यश क्रोमियम क्लोराईडची बाटली कोणती यावर अवलंबून असल्याचे दिसू लागले. १९८६ मध्ये किशी आणि नोझाकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की खरे काम त्या क्षारात अशुद्धी म्हणून आलेले अत्यल्प निकेल करत होते. त्यानंतर निकेल मुद्दाम घातले जाऊ लागले. "एका बाटलीने अभिक्रिया होते आणि दुसरीने होत नाही, तेव्हा त्या संशोधकांचा हातगुण गेला होता का?" असे मी विचारले. त्या पहिल्यांदा किंचित हसल्या आणि मग वहीची पाने मागे उलटू लागल्या. सहाव्या प्रयोगाच्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिले होते: "के३पीओ४, नवी बाटली." के३पीओ४ म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. त्याआधीचे पोटॅशियम फॉस्फेट ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरची हवा आणि ओलावा आत येऊ न देणाऱ्या बंद पेटीत) राहिलेल्या एका लहान कुपीतले होते. तिच्यावर आधीच्या पोस्टडॉकच्या अक्षरातली, मार्करची पुसट होत चाललेली तारीख तेवढी होती.

कारण सापडलेच, असे त्या क्षणी म्हणता येत नव्हते, पण मार्गदर्शकांसमोर ठेवता येईल असे काहीतरी हातात आले होते. त्या संभाषणाची आम्ही एक पूर्ण भेट तयारी केली. "सर, मला जमत नाही," या सुरुवातीऐवजी ४६ प्रयोगांचा एका पानाचा तक्ता, त्यातली घसरण, करून पाहायच्या चार तुलनात्मक अभिक्रिया आणि त्यासाठी तीन आठवड्यांची मुदत, असे त्यांनी ठरवले. मुदतीत काही न निघाल्यास हा मार्ग सोडून कोणता घ्यायचा, हेही लिहून ठेवले. पाच महिने हे लपवले याबद्दल मात्र त्यांनी आधीच स्पष्ट शब्दांत दिलगिरी व्यक्त करावी, असा माझा आग्रह होता, कारण मार्गदर्शकांच्या बाजूने पाहिले तर ती तक्रार रास्तच ठरली असती.

सर नाराज झाले. "हे मला आधीच कळायला हवे होते," असे ते म्हणाले, पण तक्ता त्यांनी ठेवून घेतला आणि त्याच संध्याकाळी आधीच्या पोस्टडॉकला विचारणा केली. उत्तर साधे होते. तो पोटॅशियम फॉस्फेट खलात बारीक वाटून, निर्वातात गरम करून रात्रभर सुकवत असे, पीएच.डी.पासूनची सवय असल्याने ती लिहिण्यासारखी गोष्ट आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. द्रावकात न विरघळणारा, हवेतले पाणी शोषून घेणारा हा क्षार. त्याचे कण किती बारीक आणि कोरडे आहेत यावर अभिक्रियेची गती अवलंबून राहू शकते. तसे केल्यावर यील्ड ७० च्या आसपास स्थिरावले. ७८ त्यांना अजूनही मिळालेले नाही आणि सरांनी तो आकडा मागणेही सोडले आहे.

सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही. याच वर्षी दुसऱ्या एका पोस्टडॉकने असाच तक्ता मांडला, कारण सापडले नाही, आणि त्याला तो प्रकल्प सोडावा लागला. पण निर्णय आठव्या महिन्यात झाल्याने नव्या प्रकल्पासाठी त्याच्या हाती वेळ उरला होता.

या संशोधकांचा करार सहा महिन्यांनी वाढला आहे. शेवटच्या भेटीला त्यांनी आपल्या शोधनिबंधाच्या प्रायोगिक विभागाचा मसुदा आणला होता. त्यात क्षार किती वेळ वाटला, कोणत्या तापमानाला किती तास सुकवला आणि कुठे साठवला, यावर एक स्वतंत्र परिच्छेद होता. प्राध्यापकी की उद्योगातले संशोधन, हे त्यांचे अजून ठरलेले नाही, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा भेटणार आहोत.