विषय सुचत नाही, की कॅनव्हास वाया जाण्याची धास्ती वाटते?

‘तैलरंग घेतले, ईझल घेतलं, पण काढायला विषयच मिळत नाही.’ चाळिशी-पन्नाशीत चित्रकलेकडे परत वळलेली माणसं ही तक्रार हमखास घेऊन येतात. इथे दिलेला अनुभव अशाच एका बाईंचा आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई बँकेत नोकरीला. फोनमध्ये ‘चित्रासाठी’ म्हणून साठवलेले चारेकशे फोटो: कोकणातले सूर्यास्त, नथ घातलेल्या आज्या, वारीतले टाळकरी. घरात 24 बाय 36 इंचांचा कॅनव्हास कितीतरी महिने कोरा.

“मॅडम, माझ्यात कल्पकताच नाही बहुतेक.”

“कॅनव्हास केवढ्याला पडला?”

“महाग आहे हो. म्हणून तर काहीतरी भारी काढायचंय त्याच्यावर.”

गाठ इथेच होती. महागड्या कॅनव्हासला साजेल असा भव्य विषय हवा, म्हणून समोर येणारा प्रत्येक विषय नापास होत होता. झोप, भूक, माणसांत मिसळणं यांचीही चौकशी केली. ते सगळं ठीक होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर प्रश्न चित्राच्या विषयाचा नसतो आणि डॉक्टरांना भेटायला हवं.

पहिलं काम धोका स्वस्त करण्याचं. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, वॉटरकलर पेपर 6 बाय 8 इंचांच्या तुकड्यांत कापायचा आणि त्यावर जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्यायचे, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. जेसो टाळू नये. कोरा कागद तेल पितो, रंग निस्तेज दिसतो आणि काही वर्षांनी कागदच कुजतो. रंगाच्या ट्यूब चारच: टायटॅनियम व्हाइट (पांढरा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). असा तुकडा फेकून द्यावा लागला तरी जीव हळहळत नाही.

दुसरं काम वहीचं. दहा दिवस फोटो बंद. दिवसात नजर कुठे अडली ते एका ओळीत, वेळेसकट लिहायचं. बाईंच्या वहीत आलं ते असं: ‘7.10, ओट्यावर लोणच्याच्या बरणीची सावली.’ ‘6.40, जिन्यातल्या जाळीची नक्षी भिंतीवर.’ ‘दुपारी, बँकेत पाण्याच्या जगमधून टेबलावर पडलेला उजेड.’ सूर्यास्त एकही नाही, नथ नाही. ज्या बाईंना आपल्याला कोकण रंगवायचंय असं वाटत होतं, त्यांची नजर खरं तर सावल्यांवर अडत होती. नथवाली आजी हा वाईट विषय नाही, पण तो त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरांतून उचलला होता.

मग निवड. पुठ्ठ्यात 3 बाय 4 सेंटिमीटरची खिडकी कापायची, म्हणजे कागदाचंच प्रमाण राहतं. तिच्यातून एक डोळा मिटून बघायचं आणि मऊ पेन्सिलीने काडेपेटीएवढं रेखाटन करायचं: गडद, मधला, उजळ, एवढे तीनच टोन. तीन टोनांत ते ओळखू आलं नाही तर रंगांनी सावरेल ही आशा करू नये. आणखी एक गोष्ट तपासायची: हे दृश्य उद्या पुन्हा मिळेल का? केळी तीन दिवसांत काळी पडतात. लसूण, कांदा, खलबत्ता टिकतात. स्टीलचा डबा सुरुवातीला नको, त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं. इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांदी (1890–1964) तर चकाकी मरावी म्हणून बाटल्यांना रंग फासून घेत, आणि त्याच बाटल्या-बरण्या आयुष्यभर रंगवत राहिले. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला. विषय संपतो ही भीती बहुतेक वेळा तो एकदाच रंगवणाऱ्याला असते.

बाईंनी बरणी घेतली. सकाळचा उजेड वीस मिनिटांचा आणि 8.05ची लोकल, म्हणून पेन्सिलीचं काम सकाळी आणि रंग रात्री. एका बाजूने उघडा पुठ्ठ्याचा खोका, आत बरणी, डावीकडून वर 45 अंशांत 9 वॅटचा एलईडी.

पहिला प्रयत्न फसला, कारण खोलीतली ट्यूबलाइट चालूच होती. दोन सावल्या पडल्या आणि बरणीची गोलाई गेली. बरणीवर एकच दिवा ठेवायचा. कागदावर त्याच रंगछटेचा दुसरा दिवा, पण तो खोक्यात डोकावता कामा नये. दुसऱ्या खेपेला सावली खडूसारखी दिसली, कारण ती उजळ करायला पांढरा घातला होता. सावलीतला फरक गरम (तांबूस) आणि थंड (निळसर) रंगांनी दाखवावा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, कधी एक जास्त, कधी दुसरा. तिसऱ्या खेपेला बरणी टेबलावर बसली.

थरांचा नियम मोडू नये. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा. तो हाताला कोरडा लागल्यावर पुढच्या थरांत जवसाच्या तेलाचे थेंब. उलट केलं, तर वरचा पातळ थर आधी वाळतो, खालचा तेलकट थर नंतरही हलत राहतो आणि तडे जातात. खिडकी उघडी ठेवावी. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

काही आठवड्यांनी बाईंनी विचारलं, “मग ते चारशे फोटो पुसून टाकू?”

पुसायची गरज नव्हती, चाळायची होती. प्रत्येक फोटो कृष्णधवल करून नखाएवढा लहान करायचा. तेवढ्यात आकार कळला तर ठेवायचा. त्या चाळणीतून अकरा उरले. तेही थेट उतरवायचे नाहीत, कारण भर उन्हात फोन सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरं. जागा जवळची असेल, तर त्याच वेळी तिथे जाऊन सावलीचा रंग चार शब्दांत टिपून आणायचा. अकरापैकी सात फोटो ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे निघाले, बाईंच्या घरापासून दहा मिनिटांवरचे.