फुटलेले मोदक आणि हसऱ्या जाऊबाई

प्रश्न : गेल्या गणपतीत ऐन पंक्तीच्या वेळी माझे उकडीचे मोदक फुटले. जाऊबाई सगळ्यांसमोर हसल्या. यंदा विकत आणू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आण की, बाप्पा पावती मागत नाही. पण करायचेच असतील तर आंबेमोहोराची पिठी घे आणि उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळ. गार उकडीला चिरा पडणारच. सारण ओलं राहिलं की गूळ बाहेर येतो. वाफ १०-१२ मिनिटं पुरे. नैवेद्याचे २१ तेवढे धड निवडून ठेव. फुटलेले वाटीत घालून वर तूप ओत, मुलं आधी तेच उचलतात.

जाऊबाई पुन्हा हसल्या तर तूही हस आणि पारी त्यांच्याच हातात दे. “ताई, कळ्या तुम्हीच पाडून दाखवा.” (एकसारख्या कळ्या पाडणाऱ्या बायकांकडे मी जरा संशयानेच बघते.) उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या वाफव. आमच्या रत्नागिरीच्या घरात मोदकांवरून कधी भांडण झालं नाही, निवगऱ्यांवरून दरवर्षी होतं.