आधी विचार, फूट कुठून मोजलेत?

बडोद्याच्या पुराच्या कंट्रोल रूमला नवीन लागला आहेस, तर डॅशबोर्डच्या रंगांना भुलू नकोस. आजवा तलावाची पातळी 212 फूट दिसते, शहरातल्या काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी 20 फूट. दोन्ही फूटच, पण आजव्याचे समुद्रसपाटीपासून, नदीचे पुलापाशी आखलेल्या पट्टीवरचे. एका आलेखात घातलेस की घोळ झालाच म्हणून समज. प्रत्येक आकड्याबरोबर वेळ, जागा आणि शून्य कुठे धरलंय, हे गेलंच पाहिजे.

इशाऱ्यांसाठी स्वतःचा साचा काढत बसू नकोस. कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, म्हणजे इशारे लिहिण्याचा जगभरचा ठरलेला साचा, तयार आहे; ‘सचेत’ ही देशाची आपत्ती-इशारा यंत्रणा त्यावरच चालते.

2024 च्या ऑगस्टात नदी 35 फुटांवर गेली होती. अशा वेळी वीज बंद करावी लागते आणि पातळी मोजणारा सेन्सर गप्प होतो. पडद्यावर मात्र त्याचा शेवटचा आकडा हिरवागार! माझ्या मते याहून घातक काही नाही. ठरावीक मिनिटांत नवा आकडा आला नाही, की जुना करडा कर आणि तिथल्या माणसाला फोन लाव. नंबर कागदावर ठेव, हो, कागदावरच.

आणि मगरीच्या तक्रारींची रांग वेगळी. आपलं बडोदं आहे हे, नदीत मगरी आहेत, तक्रारी येणारच. थेट वनखात्याकडे वळव.