गावाच्या नावाचा उगम शोधायला निघालास तर

भावा, नुसतं कानाला कसं लागतंय त्यावरून अर्थ लावत बसू नको, आधी जुनं रूप शोध. पैठण म्हंजे प्रतिष्ठान हे पटतं कारण पितळखोऱ्याच्या लेण्यात पतिठाण कोरलेलंच हाय, नाहीतर व्हॉट्सअपवर कुणीबी कायबी जोडतंय. निजामकाळातल्या उर्दू कागदात अंबाजोगाई शोधशील तर हाती काय लागणार नाही, तिथं मोमिनाबाद बघायचं, आन धाराशिवसाठी उस्मानाबाद, ते नाव मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामावरून. जुनी मराठी कागदं वाचायला मोडी लिपीबी शिकून घे. बुद्रुक-खुर्द सोपंय, फारसीतलं मोठं-छोटं. आडनावात मात्र दमानं, नांदेडकर म्हणलं की नांदेड, पण देशमुख हे वतन, म्हंजे पिढीजात हक्काचं पद होतं, मराठ्यातबी हायत आन ब्राह्मणातबी, त्यावरून जात काढायला जाऊ नको.