रिकामी घरं, नवे रहिवासी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : २००८ नंतर अमेरिकेत घरं पडून होती, तेव्हा परदेशी लोकांना व्हिसा देऊन ती खपवावीत असा प्रस्ताव आला होता म्हणे. पुढे काय झालं? आणि हा उपाय मुळात चालतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : प्रस्ताव आला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट सिनेटर चार्ल्स शूमर आणि यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी तसं विधेयक मांडलं. किमान ५ लाख डॉलर राहत्या घरांमध्ये गुंतवायचे, तेही कर्ज न काढता. त्यातले निदान अडीच लाख स्वतःच्या घरात, उरलेल्यातून भाड्याने द्यायची घरं. वर्षातले १८० दिवस तिथे राहायचं. बदल्यात तीन वर्षांचा, पुढे वाढवता येणारा व्हिसा. पण नोकरीची मुभा नाही आणि त्यातून ग्रीन कार्डही नाही. विधेयक मंजूर झालं नाही.

झालं असतं तरी मंदी हटली नसती, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरं पडून होती ती लास वेगास, फिनिक्स, स्टॉक्टन, फ्लोरिडाचा अंतर्भाग अशा ठिकाणी. तिथला बराच रोजगार बांधकामावरच चालत होता, त्यामुळे बांधकाम थांबलं तसे हातही रिकामे झाले. देशभरात २००५ मध्ये सुमारे २० लाख नव्या घरांचं काम सुरू झालं होतं, २००९ मध्ये जेमतेम साडेपाच लाखांचं. ५ लाख डॉलर रोख बाळगणारा माणूस अशा गावी जात नाही, तो मायामीत नाहीतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घर बघतो. बँकांनी जप्त केलेली घरं तर त्या रकमेच्या कितीतरी खाली विकली जात होती. म्हणजे गिऱ्हाईक एका पेठेत आणि माल दुसऱ्या.

घरांना खरी मागणी येते ती नव्या बिऱ्हाडांमुळे. बाहेरून आलेलं कुटुंब आधी भाड्याने राहतं. रिकामे फ्लॅट भरतात, भाडं सावरतं. भाड्याचं उत्पन्न कर्जाच्या हप्त्याच्या जवळ आलं की घर घेणं परवडू लागतं आणि किमतींची घसरण थांबते. बिल्डर परततो तो सगळ्यात शेवटी. अमेरिकी शहरांबद्दल अर्थतज्ज्ञ आल्बर्ट साइझ यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला : शहराच्या लोकसंख्येच्या १ टक्का इतके स्थलांतरित आले, तर भाडी आणि किमती साधारण १ टक्क्याने चढतात. अमेरिकेत किमती शिखरावरून सुमारे २७ टक्के उतरल्या होत्या. एवढा खड्डा केवळ माणसं आणून भरायचा तर किती माणसं लागतील, हे यावरून ताडता येईल.

त्यातही अडचण अशी, की माणसं कामासाठी येतात आणि मंदीत कामच नसतं. त्या काळात मेक्सिकोतून अमेरिकेत येणारे आणि परत जाणारे जवळजवळ सारखे झाले होते. आयर्लंडमध्ये तर उलटंच घडलं. २००४ नंतर पोलंड वगैरे देशांतून कामगार आले, त्यांच्या भरवशावरही घरं उठली. बँका कोसळल्यावर अनेक जण निघून गेले. २०१० च्या सरकारी पाहणीत २,८०० हून अधिक अर्धवट बांधलेल्या वसाहती निघाल्या.

प्रश्न : स्पेन-पोर्तुगालने घराच्या बदल्यात व्हिसा दिला होता. फायदा झाला असेल तर बंद का केला? ग्रीसचा अजून चालू आहे. आम्हा नवरा-बायकोला भारतातून पैसे पाठवून तिथे घर घेता येईल का? (एक दाम्पत्य, नाशिक)

उत्तर : स्पेनमध्ये २००९ च्या अखेरीस सुमारे साडेसहा लाख नवी घरं विकली जायची होती. २०१३ च्या कायद्याने ५ लाख युरोंच्या घरावर निवास परवाना मिळू लागला. पैसा वळला तो मुख्यतः बार्सिलोना, माद्रिद आणि किनारपट्टीकडे. पुढे मंदी सरली, तरी योजना तशीच राहिली आणि स्थानिक तरुणांना भाडी परवडेनाशी झाली. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून. मंदीचा उपाय म्हणून असा कायदा करायचा, तर तो कधी संपणार हे त्यातच लिहायला हवं होतं.

ग्रीसने दर चढवले आहेत. अथेन्सचा परिसर, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि मोठ्या बेटांवर ८ लाख युरो, बाकी ठिकाणी ४ लाख, आणि दोन्हीकडे किमान १२० चौरस मीटरचं एकच घर. व्यापारी जागेचं घरात रूपांतर केलेलं असेल तर अडीच लाख. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलंत तर ५० हजार युरो दंड. परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. जुन्या घरावर ३.०९ टक्के हस्तांतरण कर, शिवाय वकील आणि नोटरी वेगळे.

भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. म्हणजे दोघांचे मिळून ५ लाख डॉलर. ४ लाख युरोंचं घर एका वर्षात कसंबसं बसेल. ८ लाखांसाठी मात्र काही रक्कम ३१ मार्चच्या आत, काही १ एप्रिलनंतर आणि कुटुंबातल्या आणखी कुणाची तरी मर्यादा, अशी जुळणी करावी लागेल. बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म द्यावा लागतो, आणि या खरेदीसाठी इथल्या बँकेचं कर्ज चालत नाही. माणशी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो प्राप्तिकराचं रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. त्यानंतर दरवर्षी रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर दाखवायला विसरू नका. ते राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा टेक्ससमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याने घर घ्यावं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कर्ज मिळतं, पण सरकारी हमीचं, किमतीच्या साडेतीन टक्के रक्कम आधी भरून घेता येणारं एफएचए कर्ज मे २०२५ पासून अशा व्हिसावर बंद आहे. सरकारी हमी नसलेल्या साध्या कर्जासाठी जास्त रक्कम हाताशी ठेवावी. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तेवढ्यात घर विकलं जाईलच असं नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील तरच घ्यावं.

तो भारतात परतला तरी ते घर ठेवायला फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याची आडकाठी नाही. मात्र परतल्यावर विकलं, तर विक्रीच्या रकमेतून अमेरिकेचा १५ टक्के कर आधीच कापून घेतला जाण्याची शक्यता असते. कपात कमी करून घ्यायची तर ८२८८-बी हा अर्ज अमेरिकी करखात्याकडे व्यवहार पूर्ण होण्याआधी, किंवा निदान त्याच दिवशी, गेला पाहिजे.