स्मार्ट पॅनेलच्या प्राथमिक शाळेत पाठ-निरीक्षण: वहीत नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न: डी.एल.एड.चं (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचं) पहिलं वर्ष, निरीक्षणासाठी नवी मुंबईतल्या ऐरोलीची प्राथमिक शाळा मिळाली आहे, प्रत्येक वर्गात मोठं स्मार्ट पॅनेल, म्हणजे डिजिटल फळा आहे, तर निरीक्षण वहीत काय टिपावं?

पॅनेलकडे आणि बाईंकडे कमी बघा, मुलांच्या हातांकडे आणि वह्यांकडे जास्त बघा. माझं उत्तर एवढंच आहे, पण ते जमवायला थोडी तयारी लागते.

छात्राध्यापकांना बहुतेक शाळा शेवटच्या बाकावर बसवतात. तिथून पस्तीस-चाळीस डोकी मागून दिसतात आणि शिकवणाऱ्याचा चेहरा तेवढा समोर असतो, म्हणून नोंदीही त्याच्याच होतात. वर्गशिक्षिकेला विचारून पुढच्या कोपऱ्यात भिंतीला लागून खुर्ची घ्या. घंटेआधी जाऊन बसा. पहिल्या एक-दोन तासिका मुलं तुम्हालाच बघत असतात, वही दाखवायला येतात. त्या तासिकांचे आकडे जमेत धरू नका.

पहिलं काम म्हणजे बाकांचा नकाशा. प्रत्येक बाकाचा चौकोन काढा. एकट्याने उत्तर दिलं की त्या चौकोनात एक रेघ, स्वतःहून प्रश्न विचारला की टिंब. ‘समजलं ना?’ ‘होऽऽ’ अशी सामूहिक उत्तरं बाजूला वेगळी मोजा, त्यांतून कोणाला काय कळलं याचा काहीच पत्ता लागत नाही. दोन-तीन तासिकांत रेघा कुठे दाटतात ते दिसू लागतं. रिकाम्या राहिलेल्या चौकोनांच्या जागी मधल्या सुट्टीत स्वतः बसून बघा. खिडकीचा उजेड पॅनेलवर पडून अक्षरं पुसट दिसणं हे कारण अनेकदा तिथेच सापडतं, आणि पडदा ओढून ते मिटतं.

दुसरं, चार मुलं निवडा: दोघं रेघांनी भरलेल्या चौकोनांतली, दोघं रिकाम्या चौकोनांतली. दर दोन मिनिटांनी ठरलेल्या क्रमाने चौघांवर नजर टाकून एक अक्षर लिहा. कामात असेल तर ‘क’, ऐकत असेल तर ‘ऐ’, लक्ष दुसरीकडे असेल तर ‘द’. ३५ मिनिटांच्या तासिकेत १७ फेऱ्या, म्हणजे ६८ नोंदी होतात. ‘ऐ’ बाबत सावध राहा. पॅनेलकडे तोंड आहे म्हणजे ऐकणं चालू आहे असं नाही.

फ्लँडर्सची पद्धत, म्हणजे वर्गातलं शिक्षक-विद्यार्थ्यांचं बोलणं दहा प्रकारांत मोजण्याची, तुम्हाला अभ्यासक्रमात भेटेलच. तिच्यात दर तीन सेकंदांना एक नोंद असते, पूर्ण तासिकेला ७००. एवढं नवख्याला झेपत नाही आणि मग आकडे मागाहून भरले जातात. त्यापेक्षा सलग पाच मिनिटंच घ्या. बरोबर १०० नोंदी होतात, टक्केवारी आयती मिळते. बाईंनी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबल्या हेही घड्याळावर बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७०च्या दशकात दिसलं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात.

पॅनेलबाबत तीन गोष्टी लिहा. चालू होऊन धडा दिसेपर्यंत किती मिनिटं गेली. चित्रफीत मध्ये किती वेळा थांबवून काय विचारलं. पॅनेलचं पेन मुलांच्या हातात किती वेळा गेलं. शिवाय एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फळ्यावर बाई ‘क्ष’ काढतात तेव्हा हात कुठून कुठे फिरला ते पहिलीतलं मूल बघतं, पॅनेलवरच्या तयार धड्यात मात्र अक्षर पूर्ण होऊनच येतं. आणि फळ्यावरचं लिखाण पुसेपर्यंत टिकतं, इथे पुढचं पान आलं की हळू लिहिणाऱ्याचं वाक्य अर्धवट राहतं. पान बदललं त्या क्षणी किती मुलं अजून लिहीत होती, ते मोजा.

लिहिताना वहीच्या पानाचे दोन रकाने करा: डावीकडे दिसलं-ऐकलं ते वेळेसह, उजवीकडे तुमचा अंदाज. ‘शिक्षिकेने घटक छान समजावला, विद्यार्थी उत्स्फूर्तपणे सहभागी झाले’ हे वाक्य वर्गात पाऊल न टाकताही लिहिता येतं. उपयोगी नोंद अशी असते: ‘११.२०, वजाबाकी ४२ – १७. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने ३५ लिहिलं. पॅनेलवर २५ आलं. त्याने खोडून २५ केलं. वहीवर बरोबरची खूण मिळाली.’ उजवीकडे: ‘मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, हातचा कळलेला नाही.’ वही तपासताना हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे उत्तर बरोबर आहे.

भाषेच्या तासाला आणखी एक नोंद ठेवा. ऐरोलीजवळच्या घणसोली, तुर्भे या भागांतल्या वर्गांत घरी आगरी, हिंदी, कन्नड बोलणारी मुलं शेजारी-शेजारी असतात. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. मूल ‘शाला’ म्हणालं की बाई आधी उत्तर स्वीकारतात की आधी उच्चार सुधारतात, आणि नंतर ते मूल पुन्हा हात वर करतं का?

काही पथ्यं पाळाच. मुलांची नावं लिहू नका, बाक क्रमांक पुरे. मोबाइलवर फोटो, चित्रीकरण अजिबात नको. ऑगस्ट २०२४च्या बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर शासनाने सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत कडक आदेश काढले, त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या शाळा बाहेरच्या माणसाबाबत दक्ष आहेत, ते योग्यच आहे. अध्यापक विद्यालयाचं पत्र आणि ओळखपत्र रोज जवळ ठेवा, आल्या-गेल्याची नोंद करा, मुलासोबत एकटे थांबू नका.

बाईंशी बोलायचं तर त्यांच्या मोकळ्या तासिकेला. पोषण आहार वाढताना किंवा ऑनलाइन माहिती भरताना नको. ‘असं का केलंत?’ विचारलंत तर जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘या मुलाला वजाबाकीत पुढे काय देणार?’ असं विचारा, मग तासभर बोलतील. चौघांच्या वह्या बघायला त्यांची परवानगी त्याच वेळी मागा. कच्च्या नोंदी त्याच संध्याकाळी पक्क्या करा. दोन दिवस गेले की ‘क’ आणि ‘द’ कुठल्या मुलाचे होते तेच आठवत नाही.