अनेकांनी मिळून रचलेली कथा गुंतली, तर ती मोडून नव्याने लिहावी का?

तुम्ही विचारलंय, की ग्रुपवर वीसेक जणांनी मिळून चार वर्षं लिहिलेल्या कथेत घटनांचा मेळ बसेना, तर सगळी रद्द करून पहिल्यापासून लिहावी का. नका लिहू. आम्ही लिहिली, ते मला अजून सलतं.

आम्ही खानदेशातल्या शिरपूर, चोपडा, अमळनेर, दोंडाईचा इथले नऊ जण. २०१७ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात केली. तापीकाठचं एक मनातलं गाव, प्रत्येकाने त्यात आपलं घर वसवायचं. ऐंशीएक भाग झाले आणि एकाने चूक काढली: आमचा तलाठी १९९५ साली नंदुरबारच्या कलेक्टर कचेरीत जातो. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, तोवर सगळी कामं धुळ्याला. चूक माझी होती. मी लगेच म्हटलं, ‘नंदुरबार’ खोडा, ‘धुळे’ लिहा. पण ॲडमिनला निमित्तच हवं होतं. त्याने सगळं नव्याने मांडून आराखडाच पुढे ठेवला.

त्यात शिरपूरच्या ताईंचा, कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाचा भाग गेला. सासू नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतेय, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. थोरला सुरतेला गेलेला, सात वर्षं पत्र नाही. नवऱ्याची मूठ झाली, धाकट्याची झाली. सून परातीकडे बघत उभी. सासू थांबते आणि परत मूठ भरते. ‘मना आंडोर जित्ता शे,’ माझा मुलगा जिवंत आहे, एवढंच अहिराणीत बोलते. त्या एका मुठीवरून आम्ही तिघांनी पुढचे भाग लिहिले. मी त्या थोरल्याला भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसवला, लूमवर कामाला लावला. आराखड्यात थोरला मुलगाच नव्हता, कारण त्याच्यामुळे म्हणे गुंता वाढतो.

ताईंनी विचारलं, ‘मग मी मोजलेले गहू कुठे गेले?’ कोणी उत्तर दिलं नाही. त्या ग्रुप सोडून गेल्या. नवी कथा चौदाव्या भागाला थांबली.

साल, गाव, नातं चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. एकच माणूस दोनदा मेला असेल, तर ते दोन भाग ज्यांनी लिहिले त्यांनाच बसवा आणि ठरवू द्या. गावात एकाच भांडणाच्या दोन हकिकती असतातच, दोन्ही राहू द्या. ज्याला सगळं आपल्या आराखड्यात हवं, त्याने स्वतःची कादंबरी लिहावी.

हां, जुने लिहिणारे सगळेच निघून गेले असतील, तर नवी कथा जरूर काढा. पण शेजारी काढा, जुनी पुसू नका.

आमचा ॲडमिन म्हणायचा, मतदान झालंय. झालं होतं, पाच विरुद्ध चार. त्या चारांत ताई होत्या. ज्याचं लिहिलेलं पुसायचं, त्याचा नकार बाकीच्या पाचांना पुरून उरायला हवा होता. हे मी तेव्हाही म्हणालो होतो.